उसनं नाक

आमच्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात गेलं वर्षभर दुधाचं पातेलं ठेवायला जागा नव्हती. तिथे एक शेळीच्या दुधाचं चीज, एक म्हशीच्या दुधाचं, एक वरून राख फासलेलं आणि एक असं, की पाहुणे आले की मी त्याच्यावर कोथिंबिरीची जुडी टाकून ठेवायचो. दारात पाण्याच्या बाटल्यांच्या जागी नाशिककडच्या वाइनच्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्या. हे कुणा हौशी तरुण जोडप्याचं घर नव्हे. मी साठी ओलांडलेला निवृत्त माणूस, डोंबिवली पूर्वेला राहतो, आणि चीज म्हणजे नातवंडं आली की टोस्टवर घालायचा चौकोनी तुकडा, एवढीच माझी त्याच्याशी ओळख होती.

हे सगळं झालं बायकोच्या नाकापायी. साथीच्या काळात तिला ताप आला, चार दिवसांनी गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. चव पूर्ण गेली नाही. आंबट, गोड, खारट, तिखट जिभेला कळायचं, पण वास म्हणून काही उरला नाही. दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर इतकं वाईट वाटलं नसतं. हिचं नाक आमच्या बिल्डिंगमध्ये प्रसिद्ध होतं. उद्या नासणारं दूध तिला आज कळायचं. फणस कुठल्या मजल्यावर कापलाय ते ती जिन्यात उभी राहून सांगायची. रात्री एमआयडीसीच्या बाजूने वारा आला की आज कालच्यापेक्षा वेगळं काहीतरी सोडलंय हे झोपेतून उठून सांगायची. मी त्याच एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात सगळी नोकरी काढली, तरी मला खिडकी बंद करण्यापलीकडे काही कळायचं नाही. तुमचं नाक कंपनीने ठेवून घेतलंय, असं ती चारचौघांत म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

आता मसाल्याचं सांगायला हवं, कारण खरा प्रश्न त्याचाच होता. आम्ही मूळचे तळकोकणातले. दर मे महिन्यात बायको तीन घरांचा मसाला भाजायची: आमचा, ठाण्याला माझ्या बहिणीचा, आणि टिटवाळ्याला तिच्या धाकट्या बहिणीचा. माझ्या आईची लोखंडी कढई, तिच्यात धणे, बडीशेप, लवंग, दालचिनी, दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजायचं आणि मिरच्यांसकट डंकावर कुटून आणायचं. किती वेळ भाजायचं याला काही माप नाही. ती नाकाने भाजायची. नाक गेल्यावर पहिल्या मे महिन्यात आम्ही तयार मसाला आणला. पुढच्या वर्षी धाकट्या मेव्हणीने भाजला. धणे कच्चे राहिले. जेवणं झाल्यावर बायकोने कालवणाचं भांडं पाहिलं. एरवी पुसून घेतलं जाणारं ते भांडं निम्मं तसंच उरलं होतं.

त्या दिवशी भांडी आवरताना तिने जाहीर केलं की येत्या मे महिन्यापर्यंत नाक आलं तर ती भाजेल, नाही तर कढई कायमची टिटवाळ्याला जाईल. मी म्हटलं, कढईत एवढं काय आहे. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भांडी आवरत राहिली. कढई गेली की मे महिन्यातली सगळ्यांची ये-जा टिटवाळ्याला जाणार, आणि या घरात ती फक्त रोजच्या पोळीभाजीपुरती उरणार, हे मलाही दिसत होतं.

ठाण्याच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तिला सराव सांगितला होता. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी रोज हुंगायचं, आणि हुंगताना तो वास कसा होता ते मनाशी आठवायचं. तिने चार स्टीलच्या डब्या केल्या. पूजा झाली की देवांसमोरच बसून हुंगायची. कित्येक महिने हुंगलं, काही झालं नाही. लवंग आठवते हो, पण येत नाही, असं म्हणायची.

मग माझी भाची मध्ये पडली. ही ठाण्याला घोडबंदर रोडला राहते, एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये काम करते, आणि मला मामा म्हणून हाक मारली की पुढे काहीतरी खर्चाचं आणि दमवणारं असतं. ती मामीला एका रविवारी तिथल्या बाजारात घेऊन गेली. घरगुती लोणची, मातीच्या कुंड्या, सेंद्रिय गूळ असला बाजार. मी पिशव्या धरायला. एका टेबलामागे एक तरुण नवरा-बायको होते, पुण्यापलीकडे शेतावर शेळ्या पाळून चीज करणारे. त्यांनी सुरीच्या टोकावर एक पांढरा तुकडा पुढे केला. बायकोने सवयीने तो आधी नाकाशी नेला, आणि थांबली.

"अहो, काहीतरी आलं."

मी विचारलं, काय आलं. ती म्हणाली, माहीत नाही, गेलं. तिने तो तुकडा परत हुंगला, दुसरा हुंगला, पिशवीत तोंड घातलं, पण परत काही आलं नाही. ते खरंच आलं होतं की तिला भास झाला, हे मला आजही माहीत नाही. त्या एका क्षणाने आमच्या घराचं वर्ष खाल्लं, एवढं मात्र खरं.

लवंगेपेक्षा चीजचा वास आडदांड आहे, तेव्हा नाकाला जाग आणायची तर चीजच, असा तिचा हिशेब ठरला. यावर भाचीने तेल ओतलं. चीज एकटं खायचंच नसतं मामी, सोबत वाइन हवी, तरच ते ओपन होतं. बंद काय होतं त्यात, हे मी विचारलं, तर दोघी माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघायला लागल्या. आणि वाइनसुद्धा इथलीच हवी, कारण इथल्या मातीतल्या चीजला इथल्या मातीतली द्राक्षं. परदेशीला हात लावायचा नाही. एवढा स्वाभिमान आमच्या घरी आजवर कुणी तांदळाबाबतही दाखवला नव्हता.

वाइन आणायचं काम अर्थातच माझ्याकडे. भर दुपारी कापडी पिशवी घेऊन मी दुकानासमोर उभा राहिलो, आणि मागे नेमका माझ्या जुन्या कंपनीतला माणूस. मी खरं तेच सांगितलं, की बायकोला हवी आहे. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फिरणाऱ्या मंडळींत सगळ्यांना माझ्या घरची परिस्थिती कळलेली होती. त्या दिवसापासून चहाचा आग्रह जरा वाढला.

पण एक कबूल करायला हवं. या वाइनच्या बाबतीत बायको भाचीला भारी पडली. भाची पेला फिरवून यात पेरू लागतोय, यात ओलं गवत लागतंय असं सांगत बसायची. हिला पेरूही नाही आणि गवतही नाही. तिच्याकडे फक्त जीभ होती, आणि जिभेने ती सरळ बोलायची. लाल वाइन म्हणजे कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी, दात आंबत नाहीत पण जीभ आवळते. मग तिच्यासोबत म्हशीच्या दुधाचं तुपकट चीज द्या, साय जिभेवर बसली की तुरटपणा बोचत नाही. शेळीचं चीज मुळात आंबटसर, त्याला आंबट पांढरी वाइन दिली की दोघांचा आंबटपणा एकमेकांत जिरतो आणि मागे दुधाचा गोडवा राहतो. निळ्या बुरशीचं चीज खारट, त्याला गोड वाइन, कैरीला गूळ लावतो तसं. भाची म्हणाली की हॉटेलात हेच शिकवायला आम्हाला सहा महिने लागले. बायकोला त्याचं काही नव्हतं. जीभ चालते हे तिला ठाऊकच होतं, तिला नाक हवं होतं.

त्या पाहुण्यांपासून लपवायच्या चीजची कथा याच काळातली. भाचीने ते कुठून तरी डोंगराकडच्या एका चीजवाल्याकडून मागवलं होतं. वरून नारिंगी, आतून लिबलिबीत, आणि मधूनमधून वाइनने पुसून मुरवलेलं. भाची सांगून गेली की हे फ्रिजमधून काढून जरा वेळ बाहेर ठेवा, मग खा. बायकोने बाहेर काढलं तर ते बशीत पसरायला लागलं. मऊ आहे, पाणी सुटलंय, म्हणजे नीट टांगलेलं नाही, असा तिने निष्कर्ष काढला. तिने ते श्रीखंडाचा चक्का बांधतो तसं पंच्यात बांधलं आणि मागच्या बाल्कनीच्या ग्रिलला टांगून दिलं. वास येत नसल्याने तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी दोन दिवस बहिणीकडे होतो.

परत आलो तर बिल्डिंगमध्ये शोधमोहीम चालू. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांची खात्री पटली होती की डक्टमध्ये उंदीर किंवा मांजर मेलंय. प्लंबर आला होता, पेस्ट कंट्रोलवाला आला होता, बॅटरी घेऊन तीन माणसं डक्टमध्ये डोकावत होती. मी बाल्कनीत गेलो, पंचा बघितला, आणि मला सगळं कळलं. पुरचुंडी तीन पिशव्यांत घालून फ्रिजमध्ये कोंबली, आणि मग खाली जाऊन मीही बॅटरी मारून उंदीर शोधू लागलो. दुसरं काय करणार होतो. पुढे सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या न सापडलेल्या उंदरावर ठराव झाला, तेव्हा मी चपलांकडे बघत बसलो होतो.

हे सगळं मी निभावलं असतं. खरा छळ वेगळाच होता. डॉक्टरांनी वास आठवायला सांगितलं होतं, पण जे चीज कधी हुंगलंच नाही त्याचा वास ती आठवणार कसा? म्हणून आधी मी हुंगायचं, मी सांगायचं, त्यावरून तिने मनात वास उभा करायचा, आणि मग हुंगायचं. म्हणजे कंपनीने ठेवून घेतलेलं नाक आता तिला उसनं हवं होतं. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की टेबलावर बशी यायची.

"कसला वास येतोय?"

मी म्हणायचो, चीजचा. ती म्हणायची, ते मला दिसतंय, कसला ते सांगा. मी म्हणायचो, जरा उग्र आहे. उग्र म्हणजे घामासारखा की हिंगासारखा, ती विचारायची. मी म्हणायचो, मधला. बशी आपटून ती आत जायची. इतकी वर्षं संसार केला, पण माझ्या शब्दसंग्रहावर ती इतकी कधीच चिडली नव्हती. छान, बरा, उग्र आणि कसातरी, एवढ्या चार वासांवर मी आयुष्य काढलं होतं. तिला त्यातला एकही चालत नव्हता. मार्च संपत आला. नाक आलं नाही. तिने लोखंडी कढई माळ्यावरून काढून घासून पुसून खाली ठेवली, टिटवाळ्याला न्यायला सोपी म्हणून. मी रोज त्या कढईला ठेचकाळायचो.

एप्रिलमध्ये आम्ही भाचीकडून परत येत होतो. बायकोच्या मांडीवर खोका, खोक्यात त्याच डोंगराकडच्या चीजचं नवं चाक. दुपारची वेळ, आमच्या गाडीचा एसी नावापुरता, आणि शीळफाट्याला गाड्या जागच्या हलेनात. पुढे ट्रेलर, बाजूला ट्रेलर. खोक्यातलं चीज वितळायला लागलं. काचा खाली केल्या तर धूर, वर केल्या तर हे. बायको शांतपणे खोका धरून बसली होती, जणू मांडीवर गजऱ्याची पुडी आहे. माझं डोकं फिरलं.

मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. म्हटलं, हे चीज नाही, सुट्टीभर शाळेच्या दप्तरात राहिलेला डबा आहे. त्यात कुणीतरी पावसातले ओले मोजे पिळलेत. विसर्जन झाल्यावर चौरंगाखाली सडलेल्या झेंडूचं पाणी आहे यात. मी बोलत गेलो, कारण गाडी हलत नव्हती आणि दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. आणि या सगळ्याच्या खाली, म्हटलं, वरच्याला शिव्या पडू नयेत म्हणून तळाशी कुणीतरी शेंगदाणे भाजलेत. कढईतून उतरवताना साल जरा काळी पडते ना, तेवढेच भाजलेत, आणि तेच एक त्यातल्या त्यात माणसाच्या लायकीचं आहे.

बोलून झाल्यावर मी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते.

"शेंगदाण्याचं परत सांगा."

मी चिडूनच परत सांगितलं. साल सुटायच्या बेताला येते, तेलकट वास सुटतो, अजून अर्धा मिनिट ठेवलं तर जळेल, असा. ती म्हणाली, वास येत नाही, पण कळलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी नीट कळलं. मागच्या ट्रेलरने हॉर्न दिला, पुढची गाडी दोन फूट सरकली होती.

त्या दिवसापासून बायकोच्या लक्षात आलं की मला शब्द फक्त चिडल्यावर सुचतात. मग काय विचारता. बशी टेबलावर यायच्या आधी ती मुद्दाम कळ काढायची. माझी बहीण फोनवर काय म्हणाली, मी मीटिंगमध्ये चपलांकडे का बघत बसलो, निवृत्तीच्या समारंभात माझं भाषण कसं पडलं. मी तापलो की बशी पुढे. आणि खरंच, तापल्यावर मला वास दिसायला लागले. राखेचं चीज म्हणजे होळीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. म्हशीचं चीज म्हणजे कल्याणच्या तबेल्यातून धारोष्ण दूध आणल्यावर किटलीच्या झाकणाला येणारा वास. आणि ते शेंगदाण्याच्या तळाचं जे होतं, त्याला आम्ही शीळफाटा म्हणायला लागलो. वासाला नाव द्यायची ही काय पद्धत आहे, असं भाची म्हणाली. तिला सांगितलं, तू आपली गवत हुंगत बस.

मे उजाडला. नाक आलं नव्हतं. ठरल्याप्रमाणे मेव्हणी टिटवाळ्याहून कढई न्यायला आली, सोबत मोठी पिशवी. बायकोने तिला हॉलमध्ये पंख्याखाली बसवलं, हातात सरबत दिलं, आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आत मी होतो, पंचा खांद्यावर टाकून, आणि गॅसवर आईची कढई.

"बसायला बोलावलेलं नाही. हुंगा."

आधी मला कळलंच नाही. मग तिने धणे कढईत टाकले आणि लख्ख कळलं. मी म्हटलं, तीन घरांचा मसाला आहे, माझ्या नाकावर काय करतेस, बिघडला तर वर्षभर सगळे मला शिव्या देतील. ती धणे हलवत म्हणाली, त्या उंदराच्या वेळी तोंड उघडलं नाहीत तेव्हा नाही वाटलं काही. झालं. मी भडकलो आणि वास यायला लागला. सांगत गेलो. आत्ता नुसता लाकडाचा, नव्या कपाटाचा. आता लिंबाची साल. आता कपाट गेलं, गवत तापल्यासारखं. घाई करू नकोस. आता गोड. थांब. आता तेल सुटतंय. शीळफाटा आला, बंद कर.

तिने गॅस बंद केला. बाहेरून मेव्हणीने विचारलं की शीळफाट्याहून कोण आलं. आम्ही उत्तर दिलं नाही, कारण बडीशेप वाट बघत होती. मिरच्यांच्या वेळी तिघंही खोकलो. ठसका लागायला नाक लागत नाही, तो तिलाही लागला.

संध्याकाळी डंकावरून मसाला आला. मेव्हणीने बरणीचं झाकण काढलं, वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवली. धणे किंचित पुढे गेलेत, म्हणाली. मग परत वास घेतला, आणि म्हणाली की पण ताई, हा आपलाच आहे. बायकोने शांतपणे सांगितलं की पुढे गेलेत ते ह्यांच्या स्वभावामुळे. मेव्हणी त्या मोठ्या पिशवीत एक बरणी घेऊन गेली. बायकोने मला स्टुलावर चढवून कढई पुन्हा आमच्याच माळ्यावर ठेवायला लावली.

रात्री बांगड्याचं कालवण केलं होतं. मला भूक लागली होती, दिवसभर गॅसपाशी उभा होतो. पहिला घास घेतला आणि तिने विचारलं, कसं झालंय. मी म्हटलं, छान.

"छान म्हणजे काय?"

तोंडात काटा होता. मी वैतागून तो काढला, आणि म्हटलं, निदान जेवताना तरी सोड. ती नुसती ताटाकडे बघत राहिली. तिच्या ताटात आंबट होतं, तिखट होतं, खारट होतं, आणि बाकी काही नव्हतं. मग मी सुरुवात केली. आधी खोबरं येतंय, म्हटलं, चुलीवर भाजल्यासारखं. त्याच्या मागे त्रिफळ, फांदी मोडल्यासारखं हिरवं. मग धणे. आईच्या हातचे होते तसे नाहीत, तुझ्या हातचे होते तसे आहेत, फक्त थोडे रागावलेले. तिने भाताला हात घातला. मी बोलत असलो की ती जेवायची, आणि मी घास घ्यायला थांबलो की तिचा हात ताटात थांबायचा. तेव्हा मी बोलत राहिलो. माझा बांगडा पार गार झाला.